सेइन म्याची मूठ

सेइन म्याच्या उजव्या हाताची मूठ मिटली ती उघडेचना. ब्रह्मदेशातल्या मौलमिनच्या कारखान्यात तीस वर्षं चिरूट वळून पोट भरणाऱ्या बाईचा नेमका तोच हात. डॉक्टरने हाड पाहिलं, शीर पाहिली आणि खांदे उडवले. मुकादमीण म्हणाली, "महिनाभर थांबते. मग तुझ्या जागी दुसरी."

दुसरा उपायच उरला नाही म्हणून ती धुसफुसतच दहा दिवसांच्या ध्यानाला बसली. शिकवणारे सयाजी, म्हणजे गुरुजी, रेल्वेतले निवृत्त कारकून.

"काय होतंय?"

"हात दुखतोय. दुसरं काय होणार?"

"दुखतोय म्हणजे? जळतोय, ठणकतोय की आवळतोय?"

"सगळंच! लिहून घ्या, कारकून होतात ना!"

"घेतलं. आता हलू नकोस, नुसती बघ. कुठून सुरू होतं ते मला सांग."

नुसती बघ म्हणे! चार दिवस तिने मनातल्या मनात सयाजींचा उद्धार केला.

पाचव्या सकाळी साधकांच्या न्याहारीचं दान घेऊन थोरली बहीण ओन्ची हजर. मोठ्या पातेल्यातून मोहिंगा स्वतःच्या हाताने वाढत होती. माशाच्या रश्शाचा वास अंगणभर.

"पोटभर खा गं. आईच्या नावाने केलंय."

आईच्या नावाने! सेइन म्याचा जबडा गच्च आवळला. तिथून मान, मानेतून खांदा, खांद्यातून तापलेली तार ओढावी तसं काहीतरी थेट मुठीत उतरलं. आज पहिल्यांदा तिला ते येताना दिसलं.

अंथरुणाला खिळलेल्या आईचं हगणंमुतणं तीन वर्षं काढलं ते सेइन म्याने. सोन्याची कानातली आईने तिलाच देऊ केली होती. आई गेल्यावर ओन्चीने ती परस्पर विकली, त्या पैशाचा सोन्याचा वर्ख पॅगोड्याला चढवला आणि संगमरवरी पाटीवर स्वतःचं नाव कोरून घेतलं. आता मागायचं कुणाकडे? दान दिलेलं परत मागितलं तर मागणारीच पापीण. सगळ्या आळीने हात जोडून तीनदा "साधु" म्हटलं. सेइन म्यानेही म्हटलं. दुसऱ्याच्या पुण्याला साधु म्हटलं की मनातला मळ धुतला जातो, असं तिला लहानपणापासून शिकवलेलं. कसला धुतला जातो! दर पौर्णिमेला त्या पाटीसमोर ती साधु म्हणत राहिली आणि मूठ वळत राहिली.

न्याहारी संपली. सगळ्यांनी साधुकार दिला. ती गप्प.

"अगं, म्हण की! फुकटचं पुण्य घालवतेस!" ओन्ची ओरडली.

सेइन म्या हलली नाही. बघत बसली. जळत होतं, थरथरत होतं, आता ओरडेन असं वाटेपर्यंत चढलं आणि मग ओसरू लागलं. करंगळी आपोआप सुटली.

"जबड्यात सुरू होतं," तिने सयाजींना सांगितलं. "मुठीत येतं आणि जातं."

"आणि राग? गेला?"

"राग कशाला जाईल? चोरी झालीये माझी!"

सयाजी खो खो हसले. "बरं. तो आला की आधी जबडा बघत जा."

महिना भरायच्या आत ती चिरूट वळू लागली, जरा सावकाश. अंगठा अजून अडायचा.

मग वर्षावास संपला, थोरांच्या पाया पडायचे दिवस आले. केळ्यांचा फणा घेऊन ती ओन्चीच्या दारात गेली, गुडघे टेकले, दोन्ही तळवे जोडले.

"आलीस शेवटी!" ओन्ची म्हणाली. "शांत झालीस वाटतं."

"तू थोरली आहेस म्हणून पाया पडतेय, ताई. कानातली माझी होती. त्या दानाचा साधु यापुढे माझ्या तोंडून निघणार नाही."

ओन्चीचा चेहरा पडला. सेइन म्याने जबडा तपासला. सैल होता.