साहेबरावांनी तोडलेली सुतळी

अंबडमध्ये कुणाला बाज नव्याने विणून हवी असली, की साहेबरावांचं नाव निघतं. वडील मेंढ्यांमागे फिरले. साहेबरावांच्या हातात सुतळी आली. त्यांच्या कामाची शिस्त कडक. विणायला घेतलं की मध्ये तोडायचं नाही आणि टोक उघडं सोडायचं नाही. सुतळी संपली तर जोड असा द्यायचा, की झोपणाऱ्याच्या पाठीलाही कळू नये.

मुलगी तृप्ती जन्मापासून आंधळी. अकरावी वाणिज्यला तिने हट्टाने गणित घेतलं. आलेख सुरू झाले तसे रामप्रसाद सर अडचणीत आले, कारण फळ्यावरची रेघ तिला कशी कळणार? मग सर कागदावर आलेख काढून देत आणि साहेबराव प्लायवूडवर खिळे मारून तो सुतळीने उठवून आणत. सरळ रेषा जमली, वाटीसारखा वक्रही जमला. तृप्ती बोटांनी वाचून बरोबर सांगायची.

पुढे परिमेय फल आलं : एक भागिले कंसात क्ष वजा दोन. सरांच्या कागदावर दोनच्या जागी उभी तुटक रेघ होती. तिच्या डावीकडून एक वक्र खाली कागदाबाहेर गेला होता. उजवीकडे दुसरा वरून उतरत होता. साहेबरावांनी नेहमीसारखी फळी करून दिली.

वर्गात सरांनी विचारलं, क्ष दोन असताना काय होतं? तृप्तीने बोट फिरवलं आणि सांगितलं, की दोनला खालपासून वरपर्यंत सगळ्याच किमती आहेत. वर्ग हसला. सरांनी फळीवर नजर टाकली. उभी रेघ कागदावरच्यासारखीच जागेवर दिसली. संध्याकाळी त्यांनी साहेबरावांना बोलावून सांगितलं, की पोरगी हुशार आहे, पण आलेख तिला झेपायचे नाहीत. गणिताऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती हा विषय घ्यावा आणि तसा अर्ज उद्याच द्यावा.

घरी आल्यावर तृप्ती फळी मांडीवर घेऊन बसली. क्ष एक पूर्णांक नऊ दशांश धरला तर उत्तर उणे दहा. दोनच्या आणखी जवळ गेलं की उणे शंभर, मग उणे हजार. दोन ओलांडले की तसंच, पण अधिक. आणि नेमके दोन धरले तर खाली शून्य, आणि शून्याने भागता येत नाही. तिचं बोट पुन्हा मधल्या सुतळीवर येऊन थांबलं.

"बाबा, ही उभी सुतळी वेगळी लावली का?"

"न्हाई, तीच हाय. खाली गेल्ती, तशीच सरळ वर नेली अन् पलीकडं उतरवली. न्हाई तं दोन टोकं लोंबत राह्यली असती."

"मंग तोडा. दोनला उत्तरच न्हाई, तिथं सुतळी कशी राहील?"

साहेबराव म्हणाले, केलेलं काम असं तोडत नसतात.

"बरं. मंग अर्ज द्या. मी चिटणीस होते."

साहेबराव उठले. त्यांनी पातं आणलं आणि उभी सुतळी काढून टाकली. एक टोक फळीच्या खालच्या कडेला राहिलं, दुसरं वरच्या. उभ्या रेघेच्या जागी तृप्तीने नुसते बारीक खिळे मारून घेतले.

सकाळी अर्जाऐवजी फळी घेऊन दोघं सरांकडे गेले. सरांनी कालचाच प्रश्न विचारला.

"दोनला उत्तर न्हाई, सर. सुतळी खिळ्यांच्या जवळ जवळ जाऊन राह्यली, पण लागत न्हाई. फळी कितीबी लांब केली तरी न्हाई लागणार."

"त्या खिळ्यांच्या रेषेला म्हणायचं काय?"

"उभी अनंतस्पर्शी."

सरांनी फळी हातात घेतली आणि काल तिथे काय होतं ते विचारलं. साहेबरावांनी सांगितलं, की त्यांनीच दोन्ही वक्र एका सुतळीने जोडून दिले होते. सर म्हणाले, की फळी पाहूनही त्यांना ते दिसलं नव्हतं. अर्जाचं नाव कुणी काढलं नाही.

सरांनी पुढचा आलेख काढून दिला. त्यात दोन तुटक उभ्या रेघा होत्या. साहेबरावांनी कागद नीट पाहिला, घडी करून खिशात ठेवला आणि तृप्तीला वर्गाच्या दारापर्यंत सोडलं.