मधलं नाव

पासली सोडली तेव्हा आई बांधापर्यंत आली, पुढं आली नाही. मळणी चालू होती, तिला वेळ नव्हता. तांदळाचं गाठोडं माझ्या डोक्यावर ठेवून म्हणाली, "शिकलेल्याच्या घरात चाललीस. लई बोलू नगं. इचारलं तेवढंच सांग." मी आणि मास्तर वेल्ह्यापर्यंत चालत गेलो, तिथून बैलगाडीनं नसरापूर, मग भोर. मास्तर म्हणजे माझे यजमान. मी रडले नाही. आईही रडली नव्हती.

पासलीत राहिलात त्या तुम्हांला अजून वाटतं, मास्तर मुलांना शिकवायचे. तसं नव्हतं. ते मास्तर होणाऱ्यांना शिकवायचे. वाचन कसं शिकवावं, इंग्रजी कशी सुरू करावी, फळ्यापाशी कसं उभं राहावं. ट्रेनिंगमध्ये एक रीत होती. एकानं लेसन द्यायचा, बाकीच्यांनी मागं बसून चुका काढायच्या. चांगले बाप्ये घामाघूम व्हायचे. मी मामाकडं वेल्ह्याला राहून चौथी झालेली. माझं वाचन मास्तरांनीच घरी बसवून सुधारलं.

मग संस्थानात मोठ्या माणसांना साक्षर करायचं निघालं. मास्तर म्हणाले, इंग्रजी आपण 'तुझं नाव काय' इथून सुरू करतो, तसं बायकांचं वाचनही त्यांच्या पूर्ण नावापासून सुरू करू. माझं नाव त्यांनी पाटीवर लिहिलं. मी घडाघडा वाचलं, मधल्या त्यांच्या नावासकट.

"बायकांना जमेल ना?" त्यांनी विचारलं.

"जमेल," मी म्हणाले. भोरात राहून मला बरीच वर्षं झाली होती.

नमुन्याचा लेसन पासलीतच ठरला, कारण तिथल्या बायका माझ्या शब्दावर येणार होत्या. देवळात ट्रेनिंगची पोरं मागं ओळीनं बसली. पहिली आई. जावयासमोर म्हणून पदर पुढं ओढलेला. मास्तरांनी शब्दाशब्दावर छडी ठेवून फळ्यावरचं तिचं पूर्ण नाव वाचून दाखवलं आणि म्हणाले, "आता तुम्ही वाचा, मामी."

"सगुणा," आई म्हणाली आणि थांबली.

"पुढं?"

"पुढचं कळलं मला."

"मग वाचा."

"न्हाई वाचनार."

मास्तर पोरांकडं वळून म्हणाले, प्रौढ माणूस बुजतं, त्याला धीर द्यावा लागतो. छडी पुन्हा 'धोंडीबा'वर ठेवली. आईनं दाराकडं हात केला. तिथं माझे वडील तंबाखू मळत बसले होते. "ते काय, बसल्यात तितं. त्यांचं नाव त्यांनाच इचारा की."

बायका हसल्या, पोरंही हसली. पासलीत कुठलीच बाई नवऱ्याचं नाव घेत नव्हती. मास्तर वरवे गावचे, त्यांच्या घरीही तेच. पण शिकवण्याच्या नादात ते त्यांना सुचलं नाही. आता गोंधळून ते म्हणाले, "तुमच्या लेकीनं तर माझं नाव लगेच वाचलं."

हसणं थांबलं. सगळ्या माझ्याकडं बघू लागल्या.

"घेतलंस तू?" आईनं विचारलं.

"व्हय," मी म्हणाले. विचारलं तेवढंच सांगितलं.

वडील दारातून उठून चालू लागले. आईही उठली आणि त्यांच्या मागं घरी गेली. मास्तरांनी मात्र रीत मोडली नाही. पोरांना म्हणाले, "काढा चुका." आणि पहिल्यांदा स्वतःची चूक स्वतःच सांगितली. पुढं दर वर्षी नव्या पोरांना ती सांगत राहिले, आणि मोठ्यांचं वाचन गावाच्या नावापासून सुरू करायला शिकवू लागले. त्यांची लाज अशी कामाला आली. माझी कशालाच आली नाही. त्या गावात मी जन्मले होते, आणि माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं. आई पुन्हा पाटीला शिवली नाही. भोरच्या आमच्या बिऱ्हाडी कधी आली नाही.

पुढं आम्ही पुण्याला आलो. मास्तर जाऊनही आता खूप वर्षं झाली. दवाखान्यात, रेशनच्या दुकानात नाव विचारतात, मी पूर्ण सांगते. माझ्यामागून शहरात आलात ते तुम्हीही असंच सांगत असाल. पासलीत भावाच्या नातसुना नवऱ्याला नावानं हाक मारतात. मागच्या खेपेला देवळाच्या ओट्यावर बसले होते, तर एक म्हणाली, "आजी, तुमी घ्या की आजोबांचं नाव."

मला घेता आलं नाही. पोरी हसल्या. गावात आता कुणीच अडत नाही. मी अडते, आणि तिथंच अडते. माझं घर म्हणाल तर तेवढंच उरलंय.