सरांच्या पेपरातले पळणारे बिंदू

मंडळी, मोडेम लागला एकदाचा. आपण सगळे सरांच्या गणिताच्या क्लासचे जुने विद्यार्थी, म्हणून इथे सांगतोय. आज सकाळी मानपाडा रोडला त्यांच्याकडे गेलेलो. उद्याच्या टेस्टचा पेपर मी कॉम्प्युटरवर टाइप करून दिलेला.

सरांनी प्रिंट पाहिली, पेनाचं टोपण काढलं आणि एकेका व्हेक्टरच्या डोक्यावर हाताने बाण काढायला लागले.

म्हटलं, "सर, हल्ली व्हेक्टर ठळक अक्षरात छापतात. बाण लागत नाही."

"आणि मुलांनी वहीत ठळक कसं लिहायचं? पेन दाबून?"

घरी पळालो, व्हेक्टर छापायच्या कमांडमध्ये ठळकच्या जागी बाण टाकला आणि नवी प्रिंट घेऊन आलो. एका ओळीत सगळा पेपर बदलला, म्हणून छाती फुगलेली.

सरांनी पहिल्याच प्रश्नावर बोट ठेवलं. "अरे, हा बिंदू पी. हा कुठे निघाला?"

बिंदूंनाही मी तीच कमांड वापरलेली. पेपरातला प्रत्येक बिंदू डोक्यावर बाण घेऊन प्रवासाला निघालेला.

तोवर झेरॉक्सवाला दुपारचं दुकान बंद करायच्या बेतात होता, पुन्हा घरी जायला वेळ नव्हता. काकूंनी न विचारताच व्हाइटनर आणून ठेवला. मी बाण पुसत बसलो आणि सर शेजारी बसून शिकवत राहिले, "बिंदूला जागा असते, दिशा नसते. दिशा व्हेक्टरला."

निघताना म्हणाले, "त्या कॉम्प्युटरला उद्या सातच्या बॅचला पाठव. सोबत तूही ये."

मी जातोय. अजून कोण येतंय?