उचलून लावलेली झाडं

झाडावर नंबर घालायच्या आधी ती बुंध्यावर तळहात ठेवायची आणि म्हणायची, "घाबरू नको हां, माणसं चांगली आहेत." मग रंगाच्या डब्यात ब्रश बुडवून आकडा काढायची. मी मागे टेप धरून उभा. "झाडाशी खोटं बोलतेस," म्हटलं की हसायची. "डॉक्टर पण बोलतात ना, काका."

तुम्हीही पाहिलं असेल, जुनी सोसायटी पाडायची ठरली की आवारातल्या झाडांवर असे आकडे दिसायला लागतात. कुठलं झाड तोडायचं आणि कुठलं मुळासकट उचलून दुसरीकडे लावायचं, याचा अहवाल करणारी आमची छोटी कंपनी. ऑफिस अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर. मी तिथला नकाशे काढणारा. ही बॉटनी शिकून आली तेव्हा मला वाटलं, फार दिवस टिकायची नाही. उन्हात झाडं मोजत फिरायची हौस कुणाला असते? पण ही टिकली. उलट सोसायटीतल्या आजोबांना गाठून आंबा कुणी लावला, कोय कुठून आणली, असल्या चौकशा करत बसायची. इकडे माझ्या पोटात कावळे ओरडत असायचे.

तिचा जीव अडकला होता तो उचललेल्या झाडांत. घाटकोपरचा एक जुना आंबा क्रेनने उचलून गोरेगावला नेऊन लावला होता. रविवार आला की ही बोरिवलीहून तिकडे निघायची. "पेशंटला बघून येते." एकदा मलाही ओढून नेलं. आंब्याला तांबूस पालवी फुटली होती. मी म्हटलं, "झकास! जगला की गं." तिने मान हलवली. "हा खोडात साठलेला जोर आहे, काका. मुळं धरलेली नाहीत अजून."

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा त्याचं लाकूड झालं होतं. परतताना रिक्षात ती म्हणाली, "ही का मरतात ते नीट शिकायला पाहिजे. आपण नुसते आकडे घालतो यार."

असं ते वनशास्त्राच्या मास्टर्सचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं. परदेशातलं विद्यापीठ निवडलं, परीक्षा दिल्या. अर्जासोबत स्वतःबद्दल निबंध लिहायचा होता. त्यात तिने सरळ लिहिलं की मी नंबर घातलेली पुष्कळ झाडं पडली. ऑफिसात सगळ्यांनी समजावलं, हे काढ, वाट लागेल. "मग काय लिहू? झाडं वाचवली म्हणून?" एवढं बोलून तिने ते तसंच पाठवलं.

व्हिडिओवरची मुलाखत ऑफिसातच दिली, कारण घरी एकच खोली. शेजारच्या गाळ्यातलं पत्रे ठोकायचं मशीन मी हातापाया पडून बंद करवलं. लॅपटॉप उघडायच्या आधी तिने हात जोडले आणि चक्क गाऱ्हाणं घातलं. मालवणकडची ना ती! "बा देवा म्हाराजा, इंग्रजी बोलताना माझी बोबडी वळली, तर सांभाळून घे रे म्हाराजा!" आम्ही सगळे एका सुरात, "व्हय म्हाराजा!"

बाहेर आली ती घामाघूम. "पडलेल्या झाडांबद्दलच विचारत होते, काका. शेवटपर्यंत तेच."

प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीसकट. आम्ही पेढे वाटले. अडून बसली ती तिची आई. नवऱ्यामागे दोन मुलं वाढवलेली बाई. "झाडां शिकूक इतक्या लांब कित्याक? गावाक काय झाडां कमी हत?" मग जरा निवळून म्हणाली, "भावाचा लगीन होऊंदे, मगे जा." विद्यापीठानेही वर्षभर थांबायला परवानगी दिली.

मी म्हटलं, "जा गं तू. लग्नाला येऊन जा."

"आईचं मन नाही मोडवत, काका. एक वर्ष तर आहे. झाडं काय पळून चाललीत?"

लग्न थाटात झालं. वरातीत ही सगळ्यांत पुढे नाचत होती. जुलैत निघायची तयारी झाली, बॅग अर्धी भरली आणि तिला ताप आला. डेंग्यू. ताप उतरला तसे सगळे निर्धास्त झाले. तिने मला फोन करून मुलुंडचा नकाशा कुठवर आला ते विचारलं, उशीर केला म्हणून चिडवलंही. दुसऱ्या दिवशी ती एकाएकी खालावली, आणि मग हातात काहीच राहिलं नाही. मला अजून राग येतो. कुणावर काढायचा ते कळत नाही.

तिची आई सामान न्यायला ऑफिसात आली. बूट, टोपी, पाण्याची बाटली, इतकंच होतं. ते पिशवीत भरून ती लेकीच्या खुर्चीवर बसली. चहा पुढे ठेवला, तो तसाच राहिला. मग मला म्हणाली, "भावजी, थंय जाऊन ती नेमका काय शिकतली होती?"

मी सांगितलं. जुनं झाड मुळासकट कसं काढतात, मुळांभोवतीची माती गोणपाटात कशी बांधतात, नव्या जागी ते का मरतं, आणि ते मरू नये म्हणून काय करायचं, हे ती शिकणार होती.

आईने सगळं ऐकून घेतलं.

"आणि मगे तां झाड जगता?"

"नीट केलं तर जगतं, वहिनी."

तिने पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"मगे तिका जावक व्हया होता," ती म्हणाली.