राब भाजलेलं मडकं

मी मराठी चार बुकं शिकलेला. पण भोर संस्थान होतं तेव्हा आमच्या वेल्ह्याच्या डोंगरात तेवढाही माणूस मिळत नव्हता, म्हणून वाडीच्या शाळेवर मास्तर झालो. शाळा म्हणजे माझ्याच घराची पडवी. ती पुढं चालवायची का बंद करायची, हे भोरहून शाळा तपासणीला येणारे दिपोटीसाहेब ठरवणार होते.

त्यांनी आधी बी कसं रुजतं त्याच्या चित्राचा एक तक्ता धाडला. काचेच्या बरणीत टीपकागद, त्यावर रुजलेलं बी. पोरांना त्यातलं काहीच ओळखू येईना. बायको उंबऱ्यात तांदूळ निवडत होती.

"अवं मास्तर, काचंची बरणी हितं कुणाच्या बापानं बघितलीया? मडक्यात भात पेरा की!"

तिनंच दोन फुटकी मडकी मातीनं भरली. एकात शेण, पालापाचोळा टाकून पेटवला, म्हणजे राब भाजला, भाताच्या रोपासाठी आम्ही रानात भाजतो तसा. दुसरं तसंच ठेवलं. दोन्हींत भात पेरला. भाजलेल्यात रोप दाट आलं, दुसऱ्यात तणच माजलं. पोरं शाळा भरायच्या आधीच येऊन मडक्यांपाशी बसायची. दोन्हींना रोज पाणी बायको घालायची. पाण्याचं पोरांना सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. पाणी लागतं हे काय सांगायचं?

दिपोटी आले. "बी रुजायला काय लागतं?"

"राब!" सगळी एकदम ओरडली.

"म्हणजे बी भाजून पेरता?" साहेब हसले. "मास्तर, पाणी, हवा, ऊब. तक्ता कशाला दिला होता?"

बायको आतून म्हणाली, "सायेब, पोरांनी डोळ्यानं बघितलंय. मडकी तरी बघा."

"तू गप बस," मी खेकसलो.

साहेबांनी मडकी बघितली नाहीत.

महिन्याभरात शाळा बंद झाली. तक्ता तेवढा परत मागवला. पोरं गुरांमागं गेली. बायकोनं तो विषय कधी काढला नाही. मीच काढायला पाहिजे होता. माझं चुकलं, एवढं काही जन्मभर तोंडातून निघालं नाही.

गेल्या साली ती गेली. मयताची नोंद करायला चावडीवर गेलो. साक्षीला त्याच पोरांतला एक, आता केस पिकलेला. म्हणालो, "सही कर."

"सही कुठली, मास्तर," म्हणत त्यानं अंगठा पुढं केला.