रक्तात शिरलेलं पाणी

प्रोस्टेटचं ऑपरेशन दुर्बिणीतून करतात. रक्तामुळे दिसेनासं होऊ नये म्हणून आत सारखं पाणी सोडत राहतात. त्यातलं काही उघड्या शिरांतून रक्तात शिरतं. फार शिरलं तर रक्तातलं मीठ उतरतं आणि माणूस बरळायला लागतो. ते वेळेवर कळावं म्हणून कंबरेखालचीच भूल देतात आणि रोग्याला बोलतं ठेवतात. मला बोलतं ठेवणं अवघड नव्हतं. दूध सोसायटीचा चेअरमन म्हणून हयात बोलण्यातच गेली.

माझं ऑपरेशन झालं त्या वर्षीही दुष्काळ होता. दवाखान्यात येताना केजच्या अलीकडे टँकरमागे बायकांची झुंबड पाहिली होती. इथे मात्र माझ्या एकट्यासाठी पाण्याच्या पिशव्यांवर पिशव्या टांगल्या होत्या.

भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "चेअरमनसाहेब, मागच्या दुष्काळात तुम्ही दुधाच्या टँकरने पाणी वाटलं म्हणे?"

मी ठरलेलं भाषण सुरू केलं. सगळ्या वस्त्यांना समान पाणी, थेंबही वाया नाही. मग मळमळलं, डोळ्यांपुढे धुरकट झालं, आणि मी म्हणालो, "दोन खेपा वस्तीला, तिसरी माझ्या मोसंबीला. बोंब झाली तेव्हा ड्रायव्हरने पाणी विकलं असं मीच उठवलं. त्याला काढला."

"सर, थांबा," बाई सर्जनना म्हणाल्या. "इतका वेळ चांगलं भाषण चाललं होतं. आता भलतंच बोलायला लागलेत."

ऑपरेशन लगेच आवरतं घेतलं. रक्त तपासलं तर मीठ खरंच उतरलं होतं. जादा पाणी लघवीवाटे काढायचं इंजेक्शन दिलं, शिरेतून जपून मीठ चढवलं. वॉर्डातही माझं तेच पालुपद चालू होतं. सोसायटीत संचालक असलेला माझा मुलगा घामाघूम झाला.

"अशा वेळचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं," डॉक्टर त्याला म्हणाले. जीव वाचल्याचं ऐकूनही त्याला इतकं हायसं वाटलं नसावं.

सकाळी मी विचारलं, "काय बोललो रे मी?"

"काही नाही, अप्पा. बरळत होता."

मी मान डोलावली. एवढ्या शिकलेल्या माणसांना मी कशाला खोटं पाडू?

यंदा मात्र त्या ड्रायव्हरकडे गेलो. तो दिंद्रुडला राहतो. शेळीला पाला टाकत होता. मी सगळं सांगितलं.

"चेअरमन, हे मला कावून सांगताव? गाडी मीच चालवत होतो की! तुमच्या मोसंबीला पाईप मीच लावलाय."

"मग मी काय करू?"

"ज्यान्ला ठावं न्हाई त्यान्ला सांगा. माझ्या बायकूला माहेरात अजून पाणीचोराची म्हणत्यात. तिनं बी मला लई डाव इचारलंय, खरंच पाणी इकलं का म्हणून."

त्याची बायको दारातच उभी होती. तिने मला चहा विचारला नाही.

मुलगा म्हणतो, सोसायटीची निवडणूक होऊ द्या, मग काय लिहायचं ते लिहा. निवडणूक तोंडावर आहे. म्हणूनच आता लिहितो: त्या माणसाने पाणी विकलं नाही. ते माझ्या बागेत गेलं, आणि न्यायला मीच सांगितलं होतं.