सरांचे बूट

नातवाच्या हातावरल्या ओल्या प्लास्टरचा वास आला आणि कॉलेजातला गुन्हे तपासाचा वर्ग आठवला. नागपूरहून आलेल्या सरांनी सानगडी गावातल्या एका खळ्यात धानाच्या पोत्याची खोटी चोरी रचली होती. चोराच्या पायाचा ठसा आम्ही उचलायचा होता. धान म्हणजे लक्ष्मी, म्हणून चपला बाहेर काढून आम्ही आत धावलो. ओल्या सारवणात बुटांचे ठसे स्पष्ट होते. "खळ्यात बूट घालून कोन येईन? सरचेच असतीन," मैत्रीण म्हणाली. मग मी एका अनवाणी पावलाच्या ठशात प्लास्टर ओतलं. वाळल्यावर सरांनी तो साचा माझ्याच तळपायाला लावला. तंतोतंत जुळला. "चोर मी होतो," सर हसून म्हणाले. पुढे पोलिसात नोकरी केली, तेव्हा दर वेळी साहेबांच्या बुटांचे ठसे मी आधी उचलले.